शाळेच्या फलकाचं काम – माझ्या नोंदी

१३ एप्रिल २०२५, रविवार

आज शाळा उघडली. पाच वर्षं बंद होती. पट कमी होत होत शेवटी दोन मुलं उरली, ती पलीकडच्या मोठ्या शाळेत घातली आणि इथे कुलूप लागलं, आणि त्याच उन्हाळ्याच्या शेवटी ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यात अर्धी कौलं गेली आणि मग वर चढून बघायला कोणी आलंच नाही. आता इमारत ग्रामपंचायतीकडे आली आहे आणि तिथे वाचनालय करायचं असं गावकीच्या मिटिंगमध्ये ठरलंय, मुंबईचं मंडळ छपराचा खर्च देणार. मला दिलेलं काम म्हणजे आतला जुना नावांचा फलक नवा करून घ्यायचा आणि शाळेची माहिती देणारी चार पानं लिहायची. गणपतीला चाकरमानी येतील तोवर व्हायला हवं. चिपळूणहून पंधरा दिवसांनी माहेरी येतेच, म्हणून हो म्हटलं.

आत वटवाघळांचा वास, भिंतीवरून पाण्याचे ओघळ, पण फलक शाबूत. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला, वर ‘मुख्याध्यापक’ आणि खाली नावं, पुढे कधीपासून कधीपर्यंत. अकरा नावं आहेत. मी दोनदा वाचली. आम्हाला इथे शिकवणाऱ्या बाईंचं नाव नाही.

दादाला म्हटलं, बाईंचं नाव कुठंय? तो म्हणाला, “अगं हेडमास्तरांचा बोर्ड आहे तो, बाई कुठे हेडमास्तर होत्या.” बरोबर आहे त्याचं. पण शाळा म्हटलं की मला आठवतात त्या बाई, दादालाही त्याच आठवतात, वाडीतल्या चाळीस ते साठ वयाच्या कोणालाही विचारा, पहिलं नाव त्यांचंच येईल. तेरा वर्षं होत्या त्या इथे. आणि आख्ख्या इमारतीत त्यांचं नाव कुठेच नाही.

तर काम असं ठरवते: बाईंचं नाव फलकावर यायला हवं आणि ते कशाच्या आधारावर यावं हे शोधायचं. नुसत्या आठवणीवर नको, आठवणीवर लिहिलं तर उद्या कोणीही म्हणेल की तुमच्या लाडक्या म्हणून घातल्या.

१६ एप्रिल

शाळेचं दप्तर पलीकडच्या मोठ्या शाळेत ठेवलंय. तिथले गुरुजी घाटावरचे, तरुण आहेत, लगेच कपाट उघडून दिलं, फक्त म्हणाले की ताई इथेच बसून बघा, फोटो नका काढू, त्यात लोकांच्या जाती-जन्मतारखा आहेत. अगदी योग्य बोलले. मी वहीत फक्त बाईंच्या संबंधातलं टिपून घेतलं, बाकी काही नाही.

जनरल रजिस्टर ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, ही एक आडवी जाड वही असते, शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाला त्यात एक ओळ. नंबर, नाव, जन्मगाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, कुठल्या इयत्तेत दाखल, प्रगती, वर्तणूक, शाळा कधी सोडली आणि का सोडली, आणि शेवटी शेरा. माणूस साठ वर्षांचा झाला तरी जातीच्या दाखल्यासाठी, पासपोर्टसाठी, पेन्शनसाठी याच ओळीपाशी परत येतो. निसर्गच्या पावसात या वह्या भिजल्यात, पानं एकमेकांना चिकटलीत, काही ठिकाणी शाई पसरून निळा डाग झालाय. पहिली वही सापडतच नाही. दुसरी १९५३ च्या जूनपासून आहे, तेव्हा लोकल बोर्डाची शाळा, जिल्हा परिषद १९६२ ला आली.

जन्मतारखांच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून. घरी बाळंतपण, तारीख कोणी लिहून ठेवलेली नसायची, मग आई सांगायची ‘आगोटीला झाला’, म्हणजे पावसाच्या तोंडावर, किंवा ‘शिमग्याच्या पालखीत झाली’ आणि गुरुजी वयाचा हिशोब जुळेल अशी १ जून टाकून द्यायचे. माझ्या वडिलांचीही १ जूनच. पण एक गोष्ट लक्षात आली, १९७६ नंतरच्या ओळींत १ जून कमी व्हायला लागतात. वेगवेगळ्या तारखा दिसतात. आणि तिथेच अक्षर बदललंय, हे बाईंचं अक्षर, मी लांबूनसुद्धा ओळखलं असतं.

म्हणजे बाई घरी जाऊन विचारत होत्या. आमच्या घरी आल्या होत्या ते मला आठवतं, आजीबरोबर पडवीत बसून तेव्हाचं पंचांग, तिथी, कुठला सण जवळ होता असं सगळं विचारून तारीख काढत होत्या. माझी जन्मतारीख खरी आहे ती त्यामुळे.

१७ एप्रिल

अक्षराबद्दल वेगळं लिहायला हवं.

बाईंचा ‘श’. आम्हाला त्यांनी शिकवला शेंडीफोड्या श आणि पोटफोड्या ष. त्यांच्या श ला डावीकडे गाठ घालून खाली देठ यायचा आणि तो देठ त्या ओळीच्या खाली थोडा ओढायच्या, शेवटी एकदम बारीक, माशाच्या शेपटीला जसं टोक येतं तसा. ल मात्र दोन गोल पाकळ्यांचा, अगदी नीट बसलेला. शासनाने २००९ च्या नोव्हेंबरात प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात देठाचा श आणि पाकळीचा ल हेच ठरवले, तेव्हा पेपरात वाचून मला केवढा आनंद झाला होता. बाईंचंच आहे हे, असं वाटलं.

रात्री दादाला म्हटलं एक कागद घे आणि ‘शाळा’ लिही. त्याने लिहिलं. देठ ओळीच्या खाली. मग चुलत बहिणीला व्हॉट्सॲपवर सांगितलं की हाताने लिहून फोटो पाठव, तिचाही तसाच. माझा तर आहेच. तिघांचाही पोटापाण्याचा धंदा वेगळा, दादाने तर दहावीनंतर कधी काही लिहिलं असेल तर काजूच्या वजनाच्या चिठ्ठ्या, आणि चाळीस वर्षांनी तो देठ अजून तेवढाच खाली जातोय.

२७ एप्रिल, रविवार

आज काकीकडे बसले होते. बाई पहिली चार वर्षं तिच्याच घरी राहिल्या, माजघराशेजारच्या खोलीत. काकी आता ऐंशीच्या पुढे आहे पण बोलायला लागली की सगळं तारीखवार.

“पयल्या दिवशी आली ती भिजून चिंब, पायात वहाणा नाय, वहाणा खाडीत गेल्या म्हणाली,” काकी सांगत होती. तेव्हा आंजर्ल्याच्या खाडीवर पूल नव्हता, हर्णैकडून आलं की तरीने पलीकडे यायचं, ओहोटीला होडी लांब लागायची आणि चिखलातून चालत यावं लागायचं. बाई कराडकडच्या. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, मग खेड, मग दापोली, मग हर्णै, मग होडी, मग चाल. समुद्र त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

काकी म्हणाली की पहिला महिना रात्री झोपायची नाही गो ती, गाजेचा आवाज ऐकून उठून बसायची. जेवणाचं पण तसंच. ज्वारीची भाकरी खाल्लेलं माणूस, इथे तिन्ही त्रिकाळ भात. सकाळी उकड्या तांदळाची पेज दिली तर भांड्याकडे बघत बसायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर घरून ज्वारीचं पीठ घेऊन आली पिशवीभर, आणि काकीला भाकरी थापायला शिकवली. काकीच्या घरात अजून कधीमधी ज्वारीची भाकरी होते, वाडीत दुसऱ्या कोणाकडे होत नाही. मला हे माहीत नव्हतं, ती भाकरी कुठून आली ते. आज कळलं.

मी विचारलं, पैसे किती द्यायच्या राहण्याचे? काकी एकदम रागावली. “मास्तरणीकडनं पैसे घेतात काय गो?”

मला बाईंनी सांगितलेली एक गोष्ट आठवली ती इथे टाकून ठेवते. मुरूडचे धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले महर्षी कर्वे, लहान असताना परीक्षेसाठी सह्याद्री चढून साताऱ्याला चालत गेले आणि तिथे साहेबाने वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही, परत पाठवलं. मुरूड आमच्यापासून खाडी ओलांडली की जवळच. बाई ही गोष्ट प्रत्येक वर्षी चौथीला सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, ते इथून घाटावर गेले शिकायला, मी घाटावरून इथे आले शिकवायला, आता तुम्ही सांगा वय लहान दिसतं म्हणून मी कोणाला परत पाठवलं का? आम्ही सगळे ओरडायचो, नाही!

हे नुसतं मुलांना हसवायला सांगत नव्हत्या हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. ते खाली लिहिते.

३ मे

परत दप्तर. आज दाखल्यांच्या स्थळप्रती बघितल्या. शाळा सोडल्याचा दाखला देताना त्याचा अर्धा भाग पुस्तकात राहतो ती स्थळप्रत. खाली सही असते, मुख्याध्यापक म्हणून.

जून १९८२ पासून नोव्हेंबर १९८३ पर्यंतच्या सगळ्या स्थळप्रतींवर सही बाईंची आहे. आणि शिक्क्यात ‘मुख्याध्यापक’ छापलेलं आहे त्याच्या पुढे हाताने लिहिलंय: ‘करिता’.

मुख्याध्यापक करिता. प्रत्येक वेळी. एकदाही तो शब्द गाळलेला नाही.

फलकावरच्या तारखांशी ताडून बघितलं. १९८२ च्या मे मध्ये एक गुरुजी संपतात आणि डिसेंबर १९८३ ला पुढचे सुरू होतात. मध्ये दीड वर्ष कोणीच नाही. बोर्डावर ते कळत नाही कारण नावाखाली लगेच नाव आहे. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, एकाची बदली झाली आणि दुसरा आलाच नाही, म्हणजे चारही वर्ग दीड वर्ष एकट्या बाईंनी घेतले. मी त्यातल्या पहिल्या वर्षी चौथीत. मला त्यातलं काही जाणवलं नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत की पहिलीच्या पोरांना आम्ही चौथीवाल्यांनी पाढे म्हणून दाखवायचे आणि बाई तिसरीला गणित घालायच्या, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्यांच्या चपलांचा आवाज सारखा चालू.

आणि मग जनरल रजिस्टर त्याच वर्षाचं उघडलं.

एरवी वर्षाला सहा-सात नावं दाखल होतात. १९८२ मध्ये पंचवीस आहेत. पहिलीला नाही, दुसरीत, तिसरीत, चौथीत, वर्षाच्या मध्येच, अगदी ऑगस्टमध्येही. आधीच्या शाळेच्या रकान्यात: मुंबई महानगरपालिका, परळ. लालबाग. करी रोड. डिलाईल रोड.

गिरणी संप. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आणि त्यातले किती तरी आपल्या कोकणातले. पगार बंद, खोलीचं भाडं अंगावर, मग बायका-मुलांना गावी पाठवलं. आमच्या वाडीत घराघरात पोरं आली होती हे आठवतं, खेळायला जास्त गडी मिळाले म्हणून आम्ही खूश. पण शाळेत नाव घालायला आधीच्या शाळेचा दाखला लागतो. तो कोणाकडे असणार? लोक रात्रीच्या गाडीने निघालेले, पुढच्या महिन्यात संप मिटेल म्हणून. दाखला आणायला मुंबईला परत जायचं तर गाडीभाड्याला पैसे नाहीत.

त्या ओळींच्या शेवटी शेऱ्याच्या रकान्यात बाईंच्या अक्षरात लिहिलंय: ‘दाखला येणे बाकी’. खाली परत: ‘दाखला येणे बाकी’. ‘दाखला येणे बाकी’. मोजले, अठरा. म्हणजे अठरा मुलांना त्यांनी कागद नसताना वर्गात बसवून घेतलं, स्वतःच्या सहीवर, आणि ती सही होती ‘करिता’ची. हेडमास्तर नाही, हेडमास्तरांचा पगार नाही, पण उद्या साहेब तपासणीला येऊन विचारणार तो यांनाच विचारणार.

काही ओळींत नंतर वेगळ्या शाईने ‘दाखला प्राप्त’ आणि तारीख आहे. बाईंनी पत्रं घातली असणार. सात ओळींत ते कधीच आलेलं नाही.

गुरुजींनी चहा आणून ठेवला होता, तो गार झाला. मी पान उलटलंच नाही बराच वेळ.

५ मे

त्या अठरामधला एक आमच्या वर्गात होता. डोंबिवलीला असतो. काल नंबर मिळाला, रात्री फोन केला, अर्धा तास बोलला. त्याचं बोलणं आठवेल तसं लिहिते.

तो म्हणाला, “मी आलो तेव्हा बूट घालून आलेलो शाळेत, मुंबईचे काळे बूट, आणि तुम्ही सगळे अनवाणी. दुसऱ्या दिवशी मी ते घालेनाच, आई मारायला लागली. बाईंनी बघितलं, काय बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, शनिवारी सारवण आहे, बूट काढून ठेव आणि शेण कालवायला ये. मी मुलगा असून शेण कालवलं. मग झालो तुमच्यातला.”

सारवण मला लख्ख आठवतं. जमीन मातीची, चोपून घट्ट केलेली, दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी शेणाने सारवायची. आधी मुलीच करायच्या. बाईंनी मुलांनाही लावलं. मुलांच्या हाताचे फराटे आडवेतिडवे यायचे आणि सोमवारी त्यावरच बसकर टाकून आम्ही बसायचो, बोट फिरवून ओळखायचो हा कोणाचा हात.

त्याच्या वडिलांना गिरणीत परत घेतलं नाही. पुढे ते स्टेशनबाहेर कांदे-बटाटे विकायला बसले. हा चौथी आमच्याबरोबर पास होऊन गेला, आणि त्याचा जो दाखला मुंबईच्या शाळेने घेतला त्यावर सही ‘मुख्याध्यापक करिता’. त्याने तो जपून ठेवलाय. म्हणाला, “त्यांनी सांगितलं असतं ना की दाखला आण मग बस, तर माझं वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलेल्या पोराला त्या दिवसांत कोणी परत शाळेत घातलं नसतं, कुठेतरी हॉटेलात कपबशा धुवायला लावलं असतं.”

त्याला सांगितलं ‘श’ लिहून पाठव. वर्षभरच होता तो बाईंच्या हाताखाली. देठ खाली गेलाय.

११ मे

छपराचं काम सुरू. कौलं उतरवली. काही कौलांच्या पोटात मंगळूरच्या कारखान्यांची इंग्रजी अक्षरं उमटवलेली. बासेल मिशनवाल्यांनी १८६५ ला मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने वर यायची, नाहीतर त्याआधी नळ्याची कौलं किंवा गवतच. चांगली निघालेली धुऊन गडग्याला लावून ठेवलीत. वासे चार बदलायला लागणार, वाळवी. रिपा सगळ्याच नव्या.

भिंत खरवडताना चुन्याच्या थराखाली काळा पट्टा निघाला, भिंतीवरच केलेला फळा. दर जूनमध्ये आम्ही तो काळा करायचो. ट्रान्झिस्टरचे संपलेले सेल फोडून आतली काळी कांडी कुटायची, त्यात पानांचा रस, आणि फडक्याने घासायचं. हात आठवडाभर काळे. आता कळतं की त्या सेलमधलं हाताला लावायची वस्तू नव्हती, पण तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. गवंड्याला सांगितलं हा पट्टा तसाच ठेव, त्यावर चुना लावू नको.

२४ मे

पाऊस आला. चार-पाच दिवस लागूनच आहे, आणि बातम्यांत सांगतायत की हा आता मान्सूनच येतोय. एरवी जूनचा दुसरा आठवडा धरून आपण चालतो. अर्ध्या छपरावर कौलं चढलीत, अर्धं उघडं. ज्याने काम घेतलंय तो माणसं घेऊन दुसऱ्या साइटवर गेलाय, फोन लागत नाही. दादा आणि शेजारचे तिघे रात्री कंदील घेऊन वर चढले आणि ताडपत्री बांधली, मी खाली उभी राहून दोर देत होते. फळ्याच्या पट्ट्यावर पाणी आलं पण फार नाही. फलक घरी आणून ठेवला.

२२ जून

बाईंचा शोध लागला. त्या २०११ साली गेल्या. काकीकडे एक जुनं पोस्टकार्ड होतं त्यावरच्या पत्त्यावर पत्र घातलं होतं, त्यांच्या भाचीचा फोन आला.

मला वाटलं होतं असं काही असणार, तरी फोन ठेवल्यावर परसात जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

भाची म्हणाली की मावशी लग्न न करता राहिली, शेवटची नोकरी घाटावरच केली, निवृत्त झाली तेव्हाही सहशिक्षिकाच. कोकणातल्या शाळेबद्दल बोलायची का, मी विचारलं. तर म्हणाली, सारखी. कुळथाची पिठी करायची आणि म्हणायची खाडीपलीकडची चव येत नाही. आणि जूनमध्ये पाऊस लागला की म्हणायची, पोरं आता लावणीला गेली असतील, शाळा रिकामी असेल.

लावणीचं खरंच होतं. त्या पंधरा दिवसांत शाळेत कोणी यायचं नाही, घरची लावणी टाकून मूल शाळेत पाठवणं कोणाला परवडायचं नाही. मोठे गुरुजी अशा वेळी गैरहजर मुलांना नंतर वेताच्या छडीने मारायचे. ते फलकावर आहेत. शाळेपुढचे चार माड त्यांनीच लावले, पाणी घालून वाढवले, हेही खरं, मी दोन्ही लिहिणार आहे. बाई दुसरंच करायच्या. संध्याकाळी दिवेलागणीला एकेका घराच्या पडवीत बसायच्या, आज या घरी, उद्या त्या घरी, आणि आसपासची पोरं गोळा करून पाढे घ्यायच्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, बे औटे सात, चार औटे चौदा. दिवसभर चिखलात वाकून पाठ मोडलेली, डोळे मिटत असायचे, तरी तोंडाने चालू. बाहेर इरली टेकवून ठेवलेली, त्यावरून पाणी निथळतंय, आत कंदील, आणि आजोबापण मागे बसून पुटपुटतायत.

मी अजून हिशोब औटकीने करते. कॅल्क्युलेटर काढायच्या आधी उत्तर आलेलं असतं.

भाचीला फलकाबद्दल सांगितलं. तिने एवढंच मागितलं की नाव फलकावर घाला, पण इंटरनेटवर कुठे टाकू नका. म्हणून या नोंदींत नाव नाही. वाचायचं असेल त्यांनी शाळेत यावं.

१३ जुलै, रविवार

मिटिंग. मी वही उघडून सगळं सांगितलं: दीड वर्ष, करिता, अठरा मुलं. कोणी मध्ये बोललं नाही. मग दादाच म्हणाला, मग झालं की, ‘प्रभारी मुख्याध्यापिका’ म्हणून त्या मधल्या जागेत नाव घालू. बाकीच्यांनीही माना हलवल्या. एकजण म्हणाले, तशी ऑर्डर कुठंय? ऑर्डर नसताना लिहिलं तर चुकीचं होईल.

मी आठ दिवस याच्यावरच विचार करत होते, म्हणून स्पष्ट बोलले. ऑर्डर नाही म्हणून नव्हे, पण मला ते नकोच आहे. बाईंनी दीड वर्षात एकदाही करिता हा शब्द सोडला नाही. ज्या बाईने स्वतःच्या हाताने ते लिहून ठेवलं तिला आपण आता मागून हेडमास्तर करायचं हे बरोबर नाही. आणि तसं केलं तर त्यांचं तेवढंच दीड वर्ष मोजलं जाईल, उरलेली साडेअकरा वर्षं परत बाहेर. त्यापेक्षा वरचा ‘मुख्याध्यापक’ हा शब्दच काढा. ‘या शाळेत शिकवलेले’ असं लिहा, आणि आलेल्या क्रमाने सगळ्यांची नावं, हेडमास्तर असोत नाहीतर सहशिक्षक. मस्टरवरून मी सगळी काढलीत, अकराची सव्वीस होतात. पत्रा मोठा लागेल.

खर्चावरून थोडं झालं. डोंबिवलीचा फोनवर होता, म्हणाला पत्र्याचे पैसे माझ्याकडे. ठरलं.

काकी मिटिंगला आली नव्हती, तिला घरी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, पाणी भरायची तिचं पण घाला. शाळेची मडकी विहिरीवरून भरून ठेवणारी बाई, मस्टरवर कधीच नव्हती, महिन्याला काही थोडे पैसे मिळायचे. शिकवलेले या शब्दात ती बसत नाही म्हणून मी थांबले. काकी म्हणाली, “तुला विहिरीतनं कळशी काढायला कोणी शिकवलं?”

सत्तावीस.

१० ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, होड्या उतरल्या. छप्पर पूर्ण झालं, गळत नाही, दोन मोठ्या सरींनी तपासून दिलंय. पुस्तकांची सहा खोकी मुंबईहून आली. चार पानांतली तीन लिहून झाली. चौथं बाईंचं आहे, ते तीनदा फाडलं.

२३ ऑगस्ट

पेंटर आला दापोलीहून. चांगला हात आहे त्याचा, खडूने ओळी मारून वरून सुरू केलं, दुपारपर्यंत बारा नावं. बाईंचं नाव चौदावं. त्यांच्या नावात श आहे आणि त्याने तो नेहमी पाट्यांवर काढतात तसा काढला, सरळ, ओळीवर संपणारा.

मी म्हटलं, भाऊ, हा एक श वेगळा हवाय. गुरुजींच्या परवानगीने बाईंची सही मी बटर पेपरवर गिरवून आणली होती, नुसतं त्यांचं नाव, दुसऱ्या कोणाचं काही नाही, ती दाखवली. त्याने कागद फलकावर धरून बघितला, मग चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून अक्षर पुसलं आणि बारीक ब्रश घेतला. वेळ घेतला त्याने. गाठ, मग देठ, ओळीच्या खाली, शेवटी ब्रश उचलत उचलत टोक.

दादा मागे येऊन उभा राहिला होता, काही बोलला नाही, चष्मा काढून पुसला.

रंग वाळायला रात्र जाईल म्हणाला पेंटर. वटवाघळं अजून आत शिरतात, म्हणून दोन्ही खिडक्या लावल्या, दाराला कडी घातली आणि किल्ली काकीकडे दिली.